फत्तेसिंगरावांच्या ट्रॅक्टरचा डावा ब्रेक

आमचे थोरले दीर फत्तेसिंगराव यांना म्हैसूरजवळची अख्खी बोगादी पीटी मास्तर म्हणून ओळखते. शाळेतून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण गळ्यातली शिट्टी उतरलेली नाही. पूर्वज म्हैसूरच्या फौजेत घोडेस्वार होते, असं ते सांगतात. तो घोडा कुणी पाहिलेला नाही. भावजींचा म्हातारा ट्रॅक्टर मात्र सगळ्यांनी पाहिलाय आणि पाहून वेळेवर बाजूला झालेत. शेताच्या बहुतेक भागावर साइटी, म्हणजे घरांचे प्लॉट, पडल्या. उरल्या तुकड्यात नाचणी आणि चार माड. तेवढ्याला ट्रॅक्टर म्हणजे वाटीभर वरणाला जत्रेतलं पातेलं.

यंदा दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी भावजींनी तो शेडमधून काढला. ब्रेक दाबला, तर ट्रॅक्टर थांबायचा सोडून उजवीकडे वळला आणि माझ्या तुळशीकट्ट्यावर चढला. मी नुकतीच न्हाऊन पाण्याचा तांब्या घेऊन उभी होते. तोंडात अंबाबाईचं नाव होतं. त्याच्या पाठोपाठ जे निघालं, ते काही देवाचं नव्हतं.

जाऊबाई, म्हणजे सुमित्राबाई, शांतपणे म्हणाल्या, "शुक्रवारी कडकोळचा गुजरीवाला भंगार न्यायला येतोय. तोवर ब्रेक लागला तर ठेवा, नाहीतर जाऊ दे लोखंडाच्या भावात. आज तुळस गेली, उद्या माझी पाळी."

भावजींचा चेहरा पडला. शाळा सुटली, मुलगा शरत बंगळूरला गेला. हुकूम ऐकणारा घरात हा ट्रॅक्टर एकटाच उरला होता, आणि तोही आता ऐकेना.

ट्रॅक्टरच्या मागच्या दोन चाकांना दोन वेगळे ब्रेक असतात आणि पायाखाली दोन पेडलं. रस्त्यावर चालवताना ती एकमेकांना अडकवायची. भावजींनी आधी ती अडकण पाहिली. नीट होती. मग खालचे नट पिळून दोन्ही पेडलांची ढिलाई सारखी केली. तरी ट्रॅक्टर उजवीकडेच. शेवटी जॅक लावून दोन्ही चाकं उचलली आणि मला सीटवर बसवलं.

"वाणी, शिट्टी वाजली की दाबायचं. मध्येच जप नको!"

शिट्टी वाजली, मी दाबलं. उजवं चाक जागच्या जागी गप्प. डावं मात्र भावजींच्या हाताखाली गरगरत राहिलं, घाईघाईनं जप उरकणाऱ्या बाईच्या माळेसारखं.

चाक काढलं, ड्रम उघडला. आतलं लायनर, म्हणजे ड्रमला घासून चाक थांबवणारी पट्टी, तेलानं चकाकत होतं.

"एक्सलचं सील गेलं," भावजी म्हणाले आणि मातीतच बसले. "गिअरचं तेल गळून लायनरवर आलंय. आता सगळा एक्सल खोलायचा. शुक्रवारपर्यंत कुठलं होतंय!"

जाऊबाई कॉफी घेऊन आल्या होत्या. त्यांनी लायनरवर बोट फिरवलं, नाकाशी नेलं.

"काय हो, गिअरचं तेल काळं असतं ना? घाण वासाचं?"

"असतं."

"मग ह्याला माझ्या समईचा वास कसा?"

मीही हुंगलं. तिळाचं तेल! देवघरातल्या डब्यातलं!

भावजी कॉफीत बघत हळूच म्हणाले, "खंडेनवमीला घरातल्या तलवारीला लावलं. म्हटलं, हेही हत्यारच, ह्याला का नको? सगळ्या सांध्यांना लावलं. ड्रमच्या मागं रबरी बुचाचं एक भोक दिसलं. म्हटलं, आतही जाऊ दे थोडं."

"अय्यो! तलवारीला ब्रेक असतो का?" जाऊबाई म्हणाल्या.

"आणि उजवीकडं नाही घातलंत?" मी विचारलं.

"तिकडं शेडची भिंत. हात पोचला नाही."

"मग त्या भिंतीला हळदकुंकू वाहा," जाऊबाई म्हणाल्या, "तिच्यामुळं अर्धा ब्रेक वाचला."

मीही रोज देवाला तेल घालते. पण देवाला कुठं थांबायचं नसतं, त्यामुळे खपून जातं.

भावजींनी ड्रम पेट्रोलनं धुतला, लायनर पुसून पुन्हा बसवलं. चाक फिरतच राहिलं. लायनर तेल पिऊन बसलं होतं. दुसऱ्या दिवशी ते बसनं हुणसूरला जाऊन नवी लायनरं घेऊन आले, दोन्ही बाजूंची. दोन्हीकडं बसवली; एकाच बाजूला नवं घातलं असतं तर ट्रॅक्टरनं पुन्हा वाकडंच ओढलं असतं.

शुक्रवारी गुजरीवाला टेम्पो लावून फाटकाशी थांबला. शेडपासून फाटकापर्यंत उतार आहे. भावजी वर ट्रॅक्टरवर चढले, आणि जाऊबाई पदर खोचून उताराच्या तळाशी जाऊन उभ्या राहिल्या.

"अगं, बाजूला हो!"

"का? ब्रेक लागला म्हणालात ना?"

ट्रॅक्टर उतरू लागला. मी आधी चामुंडीला हाक मारली, मग अंबाबाईला, मग जिची कधी ओटीसुद्धा भरली नाही अशा गावदेवीलाही. जाऊबाई हलल्या नाहीत. भावजींनी दोन्ही पेडलं दाबली. मातीवर चाकांचे दोन सरळ पट्टे उमटले आणि ट्रॅक्टर जाऊबाईंच्या पुढ्यात हातभरावर थांबला.

गुजरीवाल्यानं विचारलं, "मग अम्मा, घेऊन जाऊ?"

"मागच्या दारी एक फुटकी कढई आहे, ती ने."

भावजी खाली उतरले. छाती वर काढली. म्हणाले, "एवढा विश्वास होता तर आधी बोलली का नाहीस?"

"कसला विश्वास?" जाऊबाई म्हणाल्या. "मागं गटार आहे. हटू कुठं?"