‘लदेणी’ लिहिणारा विनोद

फोन कविताचा, विनोदच्या बायकोचा होता. दुपारची वेळ. यवतमाळच्या आमच्या तंत्रनिकेतनातला तास संपवून मी नुकताच बाहेर आलो होतो. “भाऊजी, हे उठून नाही राह्यले,” एवढंच ती म्हणाली, आणि तेही इतकं हळू की मला पुन्हा विचारावं लागलं. दिग्रसजवळच्या त्यांच्या तांड्यावर पोचलो तेव्हा विनोदला सतरंजीवर निजवलेलं होतं. हृदय बंद पडलं, जाऊन बराच वेळ झाला असावा, असं डॉक्टर म्हणाले. त्याच्या कामाच्या खोलीत टेबलावर चहाचे दोन कप तसेच होते. पहिला ठेवून कविता गेली, परत आली तर तो गार झालेला. हे कामात आहेत असं समजून तिनं दुसरा करून आणला, पहिल्याशेजारी ठेवला आणि पावलं न वाजवता निघून गेली. खुर्चीत मान टाकून बसलेल्या नवऱ्याला तिनं हाक मारली नाही. त्या खोलीत हाक मारायची नाही, हा त्याचाच नियम होता…

पुसदला इंजिनिअरिंगला आम्ही एका खोलीत राहायचो. वर्गात तो कुणाच्या लक्षात येत नसे, पण भंगारातून आणलेल्या दोन संगणकांना त्यानं एकमेकांशी बोलायला लावलं त्या दिवशी अख्खं होस्टेल आमच्या खोलीत गोळा झालं होतं. पुढे पुण्यात नोकरी करताना त्याला एका हलक्याफुलक्या स्क्रिप्टिंग भाषेचं वेड लागलं. भाषा चिमुकली, वीजमीटरमधल्या, खेळण्यांतल्या लहानशा चिपवरसुद्धा चालणारी. पण तिच्यात लिहिलेल्या प्रोग्रामला दुसऱ्या यंत्राशी बोलायचं तर धड सोय नव्हती. जोडणी उघडायची, निरोप पाठवायचा, उत्तराची वाट पाहायची आणि ते आलंच नाही तर कधी नाद सोडायचा हे ठरवायचं, हे सगळं करणारी लायब्ररी, म्हणजे कुणालाही आपल्या प्रोग्रामला जोडून घेता येईल असा तयार कोड, विनोदनं एकट्यानं लिहिली आणि जगाला फुकट देऊन टाकली. नाव ठेवलं ‘लदेणी’. त्याचे बंजारा पूर्वज बैलांच्या पाठीवर मीठ अन् धान्य लादून मुलूखभर फिरायचे, त्या फिरतीच्या व्यापाराचं हे नाव. परदेशातल्या लोकांना ते उच्चारता येत नसे, याचा त्याला फार आनंद व्हायचा.

घरून काम करायची मुभा मिळाली तसा तो तांड्यावर परतला. नोकरीचं काम उरकलं की उरलेला सगळा वेळ लदेणीचा. कुठल्याशा देशातला एक विद्यार्थी तोच तो प्रश्न नव्यानं विचारायचा आणि विनोद दर वेळी नवं उदाहरण शोधून समजावायचा. त्याची ती उत्तरं मी वाचली आहेत. इतकं हळुवार लिहिणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. आणि त्याच वेळी याडी, म्हणजे त्याची आई, गुडघा दुखतो म्हणून दाराशी येऊन उभी राहिली, की तो पडद्यावरची नजर न काढता नुसता पंजा वर करायचा. थांब. ती थोडा वेळ थांबायची आणि जायची.

याडीला यवतमाळच्या दवाखान्यात ठेवलं तेव्हा मी भेटायला गेलो. लदेणीत नेमकी त्याच सुमारास एक मोठी चूक सापडली होती. विनोद खाटेशेजारच्या स्टुलावर मांडीवर लॅपटॉप घेऊन बसला होता. याडीनं पाणी मागितलं. त्याला ऐकू आलं नाही, असं नाही म्हणता येणार. तो “हो” म्हणाला होता. शेवटी शेजारच्या पेशंटसोबतच्या बाईनं तिच्या तोंडाला पेला लावला. मी त्याच्याकडे बघतोय हे कळल्यावर तो म्हणाला, “थांब न बे, तिकडे लोकं अडकून पडले आहेत.” याडी त्या दुखण्यातून उठली नाही. चूक दुरुस्त झाली. दुरुस्ती उशिरा आली म्हणून कुणीतरी त्याला बेजबाबदार म्हटलं, तर विनोदनं त्या माणसाला लांबलचक माफीपत्र लिहिलं. आई दवाखान्यात होती, हे त्यात कुठेही नव्हतं.

कविता एकदा त्याला म्हणाली होती, “मी बी तुमाले लिहूनच पाठवत जाऊ काय? मंग तरी उत्तर भेटन.” हे मला त्यानंच सांगितलं, हसत हसत, बायकोची गंमत म्हणून.

मेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं म्हणतात. चांगलं होतंच, पण ते ज्यांच्या वाट्याला आलं त्यांनी त्याला कधी पाहिलं नव्हतं…

तेराव्यानंतर कवितानं लॅपटॉप माझ्यापुढे ठेवला. त्याच्या नावानं प्रश्न येतच होते. ‘हा प्रकल्प मेला आहे का?’ असंही एकानं विचारलं होतं. लदेणीच्या पानावर मी लिहिलं, की विनोद आता नाही, मागे बायको आणि मुलगी आहे. पहिलं उत्तर लगेच आलं. दुःख झालं, असं एका ओळीत. आणि दुसऱ्या ओळीत, पुढची आवृत्ती आता कोण काढणार? त्याखाली तसंच आणखी एक, मग आणखी एक. काय म्हणतात, कवितानं विचारलं. मी जसंच्या तसं सांगितलं.

“मले वाटे,” ती म्हणाली, “इकडे नाही तं नाही, तिकडे तरी हे कोणाचे असतीन.”

परवा पुन्हा जाऊन आलो. टेबल अजून त्याच जागी आहे. त्यावर आता आरती, त्यांची तिसरीतली मुलगी, अभ्यासाला बसते. तिच्या शाळेतल्या बाईंची तक्रार आहे, की पोरीला सगळं येतं, पण वर्गात उभं केलं की नुसते ओठ हलतात. कविता माझ्यासमोरच तिला म्हणाली, “मोठ्यानं वाच वं. आता कोणी काई म्हनत नाही.” आरतीनं मान हलवली, पुस्तक उघडलं, ओळीवर बोट ठेवलं आणि वाचायला लागली. मी तिच्या शेजारीच बसलो होतो. पान संपलं, तिनं उलटलं, पुढचं वाचायला घेतलं. मला एक अक्षरही ऐकू आलं नाही.