खाडीवालीचे वकील

पोहणाऱ्या बायकांवरून आमच्या मामेसासऱ्यांशी वाद घालून जिंकलेला माणूस पृथ्वीच्या पाठीवर असेल, असं मला वाटत नाही. कोल्हापुरात तर नाहीच नाही. जगात आजवर सगळ्यांत थोर पोहणारी बाई कोण, हा प्रश्न इतर लोकांना चार वर्षांतून एकदा, ऑलिंपिक लागलं की पडतो आणि चहा संपेपर्यंत विसरलाही जातो. मामांना तो रोज पहाटे पडायचा. राजारामपुरीतून मला स्कूटर काढायला लावून ते गंगावेशीत म्हशीचं धारोष्ण दूध प्यायला यायचे आणि ग्लास हातात आला की शेजारी उभ्या असलेल्या कुणालाही विचारायचे, "काय पावणं, तुमचं मत कुणाला?" पावणा बिचारा निवडणूक लागली की काय म्हणून माझ्याकडं बघायचा.

हे माझ्या बायकोचे सख्खे मामा. शिरोळकडचे ऊसवाले. तरुणपणी तालमीत घुमलेले, त्यामुळं मान अजूनही खांद्यांतच रुतलेली आणि मिशा कायम वरच्या बाजूला. परदेशी नावं त्यांच्या जिभेवर बसायची नाहीत, म्हणून त्यांनी साऱ्या जगाच्या पोरींचं नव्यानं बारसं केलं होतं. अमेरिकेची ती लांब हातवाली. ऑस्ट्रेलियाची ती धाकली. आणि तासन्‌तास गार समुद्रातून पोहत पलीकडच्या देशाला जाऊन लागणारी, ती खाडीवाली. खाडीवाली हे त्यांचं दैवत. टीव्हीवर ती किनाऱ्याला लागून लटपटत उभी राहिली की मामा डोक्यावरची टोपी काढून हातात घ्यायचे. आमच्या लग्नात मंत्र्यांपुढंही त्यांनी ती काढली नव्हती.

दूधकट्ट्यावर त्यांचे नेहमीचे प्रतिस्पर्धी म्हणजे एक निवृत्त पीटीचे मास्तर. मास्तरांचा सगळा भर पदकांवर. ते लांब हातवालीची पदकं बोटांवर मोजायला लागले की मामा दुधाचा ग्लास कठड्यावर आपटायचे. "मास्तर, ही गुणावरची कुस्ती झाली. मला निकाली सांगा! तलावात निळ्या पट्ट्या मारलेल्या, पाणी गाळलेलं, कडंला टावेल घेऊन माणूस उभा. आन खाडीवालीला तळ दिसत न्हाय, काठ दिसत न्हाय. तिची जोड पाण्याबरोबर हाय, पाण्याबरोबर!" हे म्हणताना त्यांचा आवाज असा काही चढायचा की दावणीची म्हैस पाय झाडायची आणि गवळी हात जोडून म्हणायचा, "मामा, जरा दमानं, पान्हा चोरंल की ती."

बरं, हे वेड नुसतं तोंडाचं नव्हतं. शर्यत सुरू झाली की मामा सतरंजीवर उभे राहायचे, आणि ती बाई जितका वेळ पाण्याखाली, तितका वेळ यांचाही श्वास बंद. एकदा ऑस्ट्रेलियाच्या धाकलीनं सूर मारला आणि वर यायचं नावच घेईना. इकडं मामांचा चेहरा वांग्यासारखा जांभळा झाला. मी घाबरून पाणी आणायला धावलो. मामी कोपऱ्यात मेथी निवडत बसल्या होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "अवो, आली ती वर. घ्या आता श्वास." एकदा तर रिक्षावाला सहज बोलून गेला की हल्ली पोहायचे कपडेच असे येतात की कुणीही जिंकेल. मामांनी तिथंच रिक्षा थांबवली, पूर्ण भाडं दिलं, आणि "ते कापड तू घाल आन पोहून दाव," असं म्हणून भर उन्हात चालत घरी आले.

पण या माणसाला मी कधी पाण्याकाठी रमलेलं बघितलं नाही. रंकाळ्यावर भेळ खायला नेलं तर पाण्याकडं पाठ करून बसायचे. "हिला पाणी बघवत न्हाय," असं मामींकडं हात करून कारण सांगायचे. त्याचं असं झालं होतं की मोठ्या पुरात गाव बुडालं, तेव्हा दोघांना बोटीतून बाहेर काढावं लागलं. पाणी ओसरेपर्यंत म्हणून ती दोघं राजारामपुरीत मुलाच्या फ्लॅटवर, म्हणजे आमच्या शेजारीच आली आणि वर्षं झाली तरी तिथंच राहिली. गावातलं घर केव्हाच धुऊन, चुना मारून तयार होतं. पण तिकडं जायचं म्हणजे पंचगंगेचा पूल ओलांडायचा, आणि मामींनी तर पाण्याचा धसका घेतलेला, असं मामांनी साऱ्या नात्यागोत्यात सांगून ठेवलं होतं. एकदा मी गाडी काढलीही होती. पूल दिसायला लागला तसे मामा म्हणाले, "जावईबापू, फिरवा गाडी. हिचा चेहरा बघवंना." मी आरशात बघितलं. मामी खिडकीबाहेर बघत होत्या. मी गाडी फिरवली.

गावाची ओढ मात्र मामींना फार होती. "घर" म्हटलं की त्यांना तेच घर. भाजी निवडता निवडता मधूनच म्हणायच्या, "आता ऊस कमरेला आला असंल न्हवं?"

परवाच्या भाद्रपदात त्यांनी एकदम जाहीर केलं, "औंदा गौरी माझ्या घरात बसणार." मामा दचकलेच. नदी दुथडी भरून चाललीय, हिला झेपायचं नाही, दिवाळीला बघू, असं बरंच काही बोलले. मामींनी ऐकून घेतलं आणि पिशव्या भरल्या. "मी निघाले. तुमी येताय का बगा."

निघालो. मामा पुढं माझ्या शेजारी, मामी मागं. शिरोलीच्या रस्त्याला लागलो तसा मामांनी खिडकीवरचा दांडा धरला. ओठ आवळले. मी मनात म्हटलं, आता "फिरवा गाडी" येणार, आणि वळायला जागा शोधू लागलो. तेवढ्यात मागून मामींचा आवाज आला.

"मी काय म्हणते, तुमची ती खाडीवाली. तिच्यात एवढं काय न्हाय बगा."

इतक्या वर्षांत या वादात मामींनी पहिल्यांदाच तोंड उघडलं होतं. मामा दांडा सोडून गर्रकन मागं वळले. "काय म्हणालीस?"

"शेजारनं बोट असती की तिच्या. बोट सोबतीला असल्यावर कोण बी पोहंल."

"कोण बी?" मामा कडाडले. आता ते सीटवर गुडघा टेकवून पूर्ण मागं तोंड करून बसले होते. "अगं, बोटीला नुसता हात लागला की बाद! तासन्‌तास गार पाण्यात, हातापायाला गोळं आल्यात, समोर बोट दिसती, आन हात लावायचा न्हाय! काय छाती लागत असंल त्याला! मी बोटीत बसून मेलतो त्या दिवशी!"

आम्ही पुलावर होतो. खाली पंचगंगा गढूळ, काठ सोडून पसरलेली. मी हळूहळू गाडी चालवत राहिलो.

"ठावं हाय मला," मामी म्हणाल्या. "पूल गेला मागं. आता फुडं तोंड करून बसा."

मामा सावकाश वळले. टोपी काढून त्यांनी तोंड पुसलं. हातकणंगले आलं. मग, मागं न बघता त्यांनी विचारलं, "तुला कवा कळलं?"

"कवा म्हंजे? एकाच बोटीत हुतो की आपण."

मी आरशात मामींकडं बघितलं. साऱ्या नात्यागोत्यात इतकी वर्षं नवऱ्याची भीती आपल्या नावावर घेऊन गप्प बसलेली ही बाई खिडकीतून उसाकडं बघत होती.

गौरी झाल्या, दसरा झाला, दोघं गावीच आहेत. मला त्यांची फार आठवण येते. सवय मोडत नाही म्हणून मी अजून पहाटे गंगावेशीत जातो. मास्तर दुधाचा ग्लास घेऊन लांब हातवालीची पदकं मोजून दाखवतात. मी "बरोबर आहे" म्हणतो. कुणी ग्लास आपटत नाही, म्हैसही शांत उभी असते. मास्तर थोडा वेळ वाट बघतात, अर्धा ग्लास तसाच ठेवतात आणि घरी जातात.