स्वस्त कुणाला?

कोळशाचा ठेलेवाला "सस्ता कोयला" ओरडत गल्लीत आला की सुमनताई दारातून विचारायच्या, "किसको सस्ता, भिया?" तो बिचारा गाडी पुढे ढकलायचा. देवासला आमची दारं समोरासमोर, त्यामुळे हे मी रोज ऐकलंय.

ताईंचे यजमान कारखान्यात बॉयलरवर कोळसा टाकायचे. छाती गेली माणसाची. शेवटी शेवटी तर आडवं झालं की श्वास कोंडायचा, बसल्या बसल्याच झोपायचे. ते गेले आणि ताईंनी शेगडी माळ्यावर टाकली, सरकारी सवलतीतली सूर्यचूल आणली. काळी पेटी, झाकणाला आरसा. आम्ही बायका हसलो. "हसा गं! पोळ्यांना स्टोव्ह लागतो, ढग आले की उपास, सगळं कबूल. पण धूर तर ओकत नाही मेली!"

वर्षश्राद्धाला धारहून धाकटे दीर आले, तेही ताईंच्या एकुलत्या एका शरदला बापाच्या जागी बॉयलरवर लावायचं पक्कं करूनच. "फुकटात मिळतेय नोकरी, वहिनी. उद्या रुजू व्हायचंय." अंगणात पेटीत खीर शिजत होती. शरदने तर होकारही देऊन टाकला होता.

नैवेद्याचं पान गच्चीवर ठेवलं. कठड्यावर कावळे बसलेले, पण एक पुढे येईल तर शपथ! ऊन डोक्यावर आलं. गुरुजी घाम पुसत म्हणाले, "काही मनात राहिलं असेल त्यांच्या. बोला कुणीतरी."

दिरांनी हात जोडले. "दादा, शरदला तुझ्या जागी लावतो. काळजी करू नकोस."

कावळे उडाले ते थेट समोरच्या लिंबावर.

ताई पदर खोचून पुढे झाल्या. "फुकटात म्हणे! रात्र रात्र ह्यांना मी धरून बसले, भावजी. शरदला कोण धरील? मी तरी असेन का तेव्हा?"

दीर पानाकडे बघत राहिले. शेवटच्या दिवशी दादाला पाठीवर घेऊन दवाखान्यात धावले होते ते हेच. शेवटी कसंबसं म्हणाले, "दादा, नाही पाठवत रे पोराला."

मग कावळा शिवला का, असं लोक अजून विचारतात. अहो, बघितलंय कुणी! वर्षभर डोळ्यांतून टिपूस न काढलेली ती बाई शरदचा हात धरून ओक्साबोक्शी रडत होती, आणि आम्ही सगळे तिच्याकडेच बघत होतो.