पहिल्या नंबरचं गाणं

गॅरेजमध्ये त्याला सगळे कानसेन म्हणत. गळ्यात सूर नाही, हाताला वाद्य नाही, पण गाणं ऐकावं तर याने. चेपलेल्या गाड्यांचे पत्रे ठोकून सरळ करणं हा त्याचा धंदा. सकाळी नऊला उचललेली हातोडी दुपारी जेवायलाच खाली ठेवायची, आणि दिवसभर फळीवरचा रेडिओ चालू. बत्तीस वर्षं हेच. गाडीचा मालक समोर उभा राहून "कधी मिळेल हो?" विचारतोय आणि तेवढ्यात नवीन गाणं लागलं, तर कानसेन बोट वर करून त्याला गप्प करी. गिऱ्हाईक रागावलं तर रागावलं. एकाने तेवढ्यावरून गाडी दुसरीकडे नेली, आणि याचं म्हणणं काय, तर कडवं ऐकण्यासारखं होतं.

गाण्याबाबत जीभही तिखट. कुणाकडे जेवायला गेले आणि यजमानाने हौसेने गाणं म्हटलं, तर सगळे माना डोलावत आणि हा शांतपणे सांगे, "दुसऱ्या ओळीत घसरलात." बायको घरी येताना वाटभर बडबडे, "अहो, जेवलो ना आपण त्यांच्याकडे!" तर म्हणे, "मग जेवणाला मी नावं ठेवली का?" अशा माणसाशी कोण वाद घालणार?

या जिभेला घरात एकच जोडीदार मिळाली, ती म्हणजे त्याची लेक. ती नऊ वर्षांची असताना दोघांनी एक खेळ काढला. वर्ष संपत आलं की त्या वर्षात आलेल्या नव्या गाण्यांमधली आपल्या आवडीची दहा निवडायची, दहापासून एकपर्यंत नंबर लावून कागदावर लिहायची आणि कागदांची अदलाबदल करायची. मग समोरच्याची गाणी ऐकून प्रत्येकावर दोन ओळी लिहायच्या, एक गुणाची, एक दोषाची. उत्तर वर्षाच्या शेवटच्या संध्याकाळपर्यंत मिळालंच पाहिजे. आणि गाण्याबाबत खोटं बोलायचं नाही. आईच्या भाजीबाबत बोललं तर चालेल.

पंधराव्या वर्षी लेकीने एकदा स्वतःच गाऊन दाखवलं. गाणं संपल्यावर खुर्चीची पाठ घट्ट धरून उभी राहिली. बापाने विचारलं, "नियम पाळायचा ना?" ती म्हणाली, "पाळायचा." मग तो म्हणाला, "आवाज बरा आहे. पण गाण्यात नुसतं बरं असून भागत नाही." ती हसली, "वाटलंच होतं मला" म्हणाली आणि त्यानंतर त्या घरात तिने गाणं म्हटलं नाही. कानसेनला वाटलं, पोरगी समजूतदार आहे. बापांना असं वाटायला फार वेळ लागत नाही.

पुढे ती दुसऱ्या गावी एका शाळेत भूगोल शिकवायला गेली, तरी खेळ चालू राहिला. कागदांच्या जागी फोनवरचे निरोप आले, एवढाच फरक. एरवी बापलेकीचं बोलणं "जेवलीस का", "जेवले", "तुम्ही?", "जेवलो" याच्या पलीकडे कधी जात नसे. तिला कोण आवडतंय, तिचं कुठे बिनसलंय, ती थकली आहे की खुशीत आहे, हे सगळं त्याला त्या दहा गाण्यांवरून कळे. एका वर्षी तिने दहाही गाणी रडकी पाठवली, तेव्हा हा दुसऱ्या दिवशी काम सोडून तिच्या दारात उभा राहिला होता. खेळ गेला तर लेक गेली, असं त्याच्या मनाने घेतलं होतं, आणि त्यात फार चूक होती असंही नाही.

आता कानाची गोष्ट. गॅरेजमध्ये गाड्यांना रंग मारणारा रंगारी त्याला पहिल्यापासून सांगत होता, "अरे बाबा, कानात बोळे घाल. पत्र्याचा आवाज वाईट." याचं उत्तर, "बोळे घातले तर रेडिओ कसा ऐकू?" झालं. बत्तीस वर्षं हातोडीच्या दणक्यात उघड्या कानांनी गाणी ऐकली या शहाण्याने. गाण्याच्या हौसेपायी कान घालवले. काय म्हणावं याला?

कान एकदम गेले नाहीत. आधी पाखरं गेली, मग कुकरची शिटी. मग गाण्यांमधली बासरी गेली, आणि त्याला वाटलं, हल्ली बासरी वापरतच नाहीत वाटतं. शेवटी गाणाऱ्या बायकांचे आवाज गेले. ठेका तेवढा ऐकू येई, आणि त्याच्यावर कुणीतरी बंद दाराआड बोलतंय असं काहीसं.

बायकोच्या हे लक्षात कसं आलं नाही, असं कुणी विचारेल. अहो, लग्न झाल्यापासून या माणसाने तिच्या पहिल्या हाकेला कधी ओ दिली होती? चार हाका मारायच्या, पाचवीला तो "काय?" म्हणणार. आता सात माराव्या लागत. तिला वाटलं, वयाबरोबर माजही वाढतोय.

त्याने कुणाला सांगितलं नाही. गॅरेजमध्ये लोकांच्या ओठांकडे बघून निभावलं. लेकीचा फोन आला की बायकोकडे देई, "हात भरलेत माझे, तूच बोल." यंदाची दहा गाणी तर त्याने सरळ रंगाऱ्याकडून घेतली. चहा पिताना सहज विचारल्यासारखं विचारलं, "तुला काय आवडलं रे यंदा?" आणि ऐकलेलं वाकड्यातिकड्या अक्षरात बिलाच्या मागे उतरवून घेतलं. लेकीने ती गाणी ऐकून निरोप पाठवला, "बाबा, यंदा निवड फार गोड झालीये. तब्येत बरी आहे ना?" याने कळवलं, "म्हातारा झालो." ते वाचून ती हसली असेल, असं तो धरून चालला.

मग तिची दहा आली. पहिल्या नंबरच्या गाण्यापुढे गायिकेचं नाव नव्हतं. नुसतं लिहिलं होतं, "नीट ऐका."

तो चार दिवस ऐकत होता. जेवणाच्या सुट्टीत दुरुस्तीला आलेल्या एखाद्या गाडीत काचा लावून बसून, फोन कानाला दाबून, आवाज होता तेवढा वाढवून. नऊ गाण्यांचे गाणारे त्याच्या जुन्या ओळखीचे होते. ते कुठे ताणतात, कुठे श्वास घेतात, हे पाठ होतं. जुन्या आठवणीवर त्याने नवे गुणदोष लिहिले आणि ते बऱ्यापैकी जमलेही. अडलं ते पहिल्या नंबरवर. आवाज येत नाही म्हणजे बाई, आणि नाव नाही म्हणजे नवीन. त्याने दहादा ऐकलं, वीसदा ऐकलं. ठेका आला. मधे कुठेतरी खालच्या पट्टीतलं वाद्य आलं. बाई काही आली नाही.

वर्षाच्या शेवटच्या दिवशी संध्याकाळ व्हायला आली. आता काहीतरी लिहायलाच हवं. त्याने विचार केला, नऊच्या नऊ गाण्यांचे दोष आपण जरा सौम्यच लिहिलेत. आजवर असं एकही वर्ष गेलं नाही की आपण तिच्या एखाद्या गाण्याची सालं काढली नाहीत. यंदा काढली नाहीत तर पोरीला संशय येईल. आणि सालं काढायला ही अनोळखी बाई बरी. तिला कुठे कळणार आहे? मग त्याने लिहिलं, "गुण: ठेका चांगला. दोष: आवाजात जीव नाही, तोंडातल्या तोंडात गाते. घरच्या कुणीतरी हिला वेळीच थांबवायला हवं होतं."

शेवटचं वाक्य त्याला स्वतःलाच आवडलं. जुना कानसेन बोलला, असं वाटलं. त्याने पाठवून दिलं आणि शांतपणे चहा मागितला.

लेकीचं उत्तर आलं, "बरं."

त्यानंतर तिचा निरोप आला नाही. एक दिवस, दोन दिवस, चार दिवस. "जेवलीस का" विचारलं, त्यालाही उत्तर नाही. पाचव्या दिवशी सकाळी बायको त्याच्यासमोर येऊन बसली. डोळे सुजलेले. ती एवढ्या मोठ्याने बोलली की त्याला पहिल्याच खेपेला ऐकू आलं.

"काय लिहिलंत तुम्ही तिला?"

"कुणाला?"

"ती बाई म्हणजे आपली पोरगी होती. दोन वर्षं शिकतेय लपून. कुणीतरी तिचं गाणं रेकॉर्ड केलं, रेडिओवर लागलं. मला शपथ घातली होती, बाबांना सांगू नकोस म्हणून. म्हणाली, नाव बघून कौतुक केलं तर ते मला नको. नुसतं ऐकून काय म्हणतात ते हवंय."

त्याने तिला ते सगळं पुन्हा सांगायला लावलं. ऐकू आलं नव्हतं म्हणून नाही. ऐकलेलं खरं नसेल, अशी आशा होती म्हणून. मग त्याने हातातला कप खाली ठेवला आणि म्हणाला, "मला ऐकू येत नाही गं."

"काय?"

"बायकांचे आवाज येत नाहीत. वर्ष होत आलं. मी ऐकलंच नाही ते गाणं."

 बायको उठली, त्याच्या पाठीमागे गेली आणि काहीतरी म्हणाली. परत समोर आली तेव्हा रडत होती. काय म्हणाली होती, ते तिने त्याला कधीच सांगितलं नाही.

तिने तिथूनच लेकीला फोन लावला. कानसेन तिच्या ओठांकडे बघत होता. ती सांगत होती, पुन्हा पुन्हा सांगत होती, मधेच थांबत होती. शेवटी तिने फोन खाली ठेवला.

"काय म्हणाली?"

"काही नाही."

"सांग."

"म्हणाली, बाबांना सांग, माझ्यासाठी बहिरं व्हायची गरज नाही. म्हणाली, गाण्याबाबत ते कधी खोटं बोलले नाहीत, आता माझ्यामुळे बोलायला लागू नका म्हणावं."

घ्या. आयुष्यभर लोकांची तोंडं कडू करून खरेपणा कमावला, आणि तो असा उलटला. एकदाच खोटं बोलला, ते लेकीने खरं मानलं. खरं सांगितलं, ते खोटं ठरलं. बायको म्हणाली, डॉक्टरांकडे जा, कागद आणा, पाठवा तिला. तो म्हणाला, "गाण्यावरच्या माझ्या शब्दाला आता डॉक्टरचा शिक्का लागणार का?" आणि गेला नाही. ताठा कसला, भीती होती ती. डॉक्टरने आता काही होणार नाही म्हटलं तर काय, ही भीती.

त्याने रेडिओ फळीवरून काढला. रंगाऱ्याने विचारलं, "बिघडला का?" त्याने मान हलवली. लेकीला त्याने रोज एक निरोप लिहिला आणि रोज पुसला. "तुझं गाणं फार चांगलं आहे" असं तर लिहिता येईना, कारण ते त्याला माहीतच नव्हतं. आता एवढं झाल्यावरही हा गडी नियम पाळायला बसला होता. पण खरंच, आतून पार खचला होता तो. जेवताना घास तोंडात तसाच राही.

तीन आठवड्यांनी, रविवारी दुपारी, तो घरामागच्या शेडमध्ये शेजाऱ्याच्या गाडीच्या दाराला लांबी, म्हणजे रंगाआधीची पुट्टी, भरत बसला होता. पत्र्याच्या खळग्यात पातीने लांबी ओढायची, हे बिनआवाजाचं काम. पाठ घराकडे होती. किती वेळ गेला कोण जाणे. पाती पुसायला फडकं हवं म्हणून तो बाजूला वाकला, तेव्हा त्याला स्वयंपाकघराच्या दारात बायको दिसली. तिने दोन्ही हात तोंडावर धरले होते आणि ती त्याच्याकडे बघत नव्हती, त्याच्या मागे बघत होती.

तो वळला. तीन पावलांवर लेक उभी होती. खांद्याला प्रवासाची पिशवी तशीच, आणि तोंड नुकतंच मिटत होतं.

"कधी आलीस?"

लेकीने पिशवी खाली ठेवली. बायको जवळ आली आणि त्याच्या कानाशी वाकून मोठ्याने म्हणाली, "आल्यापासून गातेय ती. दोनदा गायली, सगळंच्या सगळं. तुमच्या पाठीमागे उभी राहून."

लेकीच्या चेहऱ्यावरचा राग कधीच गेला होता. तिथे आता जे होतं, ते त्याला बघवेना. हे कळायला नको होतं तिला, असं त्याला वाटलं. बाप निर्दयी आहे असंच वाटत राहिलं असतं तरी चाललं असतं. ती खाली बसली, त्याचे लांबीने माखलेले हात हातात घेतले आणि काहीतरी म्हणाली. ओठांवरून त्याला "बाबा" एवढं कळलं.

"कशी गायली?" त्याने बायकोला विचारलं.

"मला काय कळतंय त्यातलं," बायको म्हणाली. "रडू आलं, एवढं खरं."

"कुठल्या ओळीला?"

बायकोला सांगता येईना. तीस वर्षं या माणसाच्या घरात काढून तिने कधी गाण्याची ओळ धरून ठेवली नव्हती. तिने लेकीकडे बघितलं. लेकीने डोळे पुसले आणि ती ओळ सांगितली. बाप तिच्या ओठांकडे बघत राहिला. तिने पुन्हा सांगितली, हळू, त्याच्या अगदी समोर तोंड धरून. मग तिसऱ्यांदा. तेव्हा त्याने मान डोलावली आणि म्हणाला, "हां, ती ओळ चांगली आहे."

त्याला कळली नव्हती. लेकीने ते ओळखलं आणि तसंच जाऊ दिलं.