दार फोडायची कुऱ्हाड

सत्तरच्या दशकात पिंपरीच्या एका कंपनीत मी फिटर होतो आणि तिथल्या आगीच्या पथकातही होतो. अडकलेली दारं फोडायला कुऱ्हाडी घ्यायचं ठरलं, तेव्हा निवडीला तिघांना बसवलं: सुरक्षा अधिकारी, म्हणजे आमचे साहेब, रंगाच्या गोदामाचे स्टोअरकीपर आणि मी.

साहेबांनी जन्मात कधी खिळासुद्धा उपटला नसावा. हात असे मऊ की फाइल उघडतानाही ते जपून उघडत. पण कुऱ्हाडीवर बोलायला लागले की ऐकत राहावं.

व्यापाऱ्यानं दोन नमुने आणले. एक निकेलचा मुलामा दिलेली, आरशासारखी, सागवानी दांड्याला पॉलिश. दुसरी काळी, ओबडधोबड. एका बाजूला पातं, मागं वाकडी चोच, दांडा पोलादी आणि मुठीला जाड रबर. मी काळी उचलली.

"साहेब, दाराला घाव थोडे लागतात, उचकटावंच जास्त लागतं. चोच फटीत घालून सगळं अंग दांड्यावर टाकायचं. लाकडी दांडा पात्यापाशी मोडेल."

"अहो, ती काचेच्या पेटीत भिंतीवर लागणार. बाहेरचे पाहुणे येतात. हे काळं काय दाखवायचं त्यांना?"

"मग भंगारातल्या एखाद्या खोक्यावर दोन्ही चालवून बघू."

"नवा माल खराब करायचा नाही."

स्टोअरकीपर लगेच म्हणाले, "साहेबांची नजर पक्की आहे." हा माणूस साहेबांना शिंक आली तरी मान डोलवायचा. आणि मी? मी त्या चकचकीत कुऱ्हाडीच्या कागदावर सही केली. त्या दोघांबद्दल मला जेवढी किळस आहे, त्यातली थोडी त्या सहीसाठी स्वतःबद्दलही आहे.

पुढच्या उन्हाळ्यात, दुपारी पाळी बदलताना, रंगाच्या गोदामात थिनरनं पेट घेतला. स्टोअरकीपर आत होते. दार आधीच चौकटीत घट्ट बसायचं, त्यात तापून कडी वाकली. आतून त्यांचे धक्के ऐकू येत होते, मग खोकलाच ऐकू यायला लागला.

मी पेटीची काच फोडून कुऱ्हाड काढली. दोन घावांत फळीची ढलपी निघाली. तिसऱ्यांदा पातं फटीत घालून जोर दिला, तर दांडा मोडून हातात राहिला आणि ते चकचकीत पातं दारातच अडकलं. साहेब मागून ओरडले, "जोर लावा, जोर." जोर कशावर लावायचा, ते काही त्यांनी सांगितलं नाही.

कुंपणापलीकडं नव्या शेडच्या पायासाठी खडक फोडायचं काम चालू होतं. तिथली एक बाई पहार घेऊन पळत आली. चाळिशीची, डोक्याला फडकं गुंडाळलेलं.

"सरका भाऊ. त्यो दांडा टाका तिकडं."

तिनं पहारेचं टोक बिजागरीखाली घातलं, आणि मला म्हणाली, "तुमी बी भार द्या." दोघांनी अंग टाकलं. वरची बिजागरी सुटली, मग खालची. धुराचा लोट बाहेर आला आणि त्यातून स्टोअरकीपर गुडघ्यांवर रांगत आले. हाताची कातडी भाजली होती, पण जीव वाचला. आम्ही फेसाच्या नळ्यांनी आग विझवली. तोवर ती बाई कामावर परत गेली होती. मी जाऊन तिचे आभार मानले, तर म्हणाली, "दार हाय ते. त्याला काय लागतंय."

चौकशी झाली. साहेबांनी अहवालात लिहिलं की कामगाराला कुऱ्हाड वापरण्याचं पुरेसं शिक्षण नव्हतं. त्या बाईचा त्यात उल्लेख नाही. दार "पथकाच्या तत्परतेमुळे" उघडलं. मी स्टोअरकीपरना म्हटलं, "तुम्ही तरी खरं सांगा." पट्टी बांधलेला हात मांडीवर ठेवून ते म्हणाले, "जाऊ द्या हो, साहेबांना बढती येतेय. कशाला?"

बढती आली. मोडलेल्या कुऱ्हाडीच्या जागी तशीच दुसरी आली, नवी काच बसली.

मी पथकातून नाव काढून घेतलं. मग जेवणाच्या सुट्टीत, ट्रकच्या स्प्रिंगच्या मोडक्या पाट्यातून एक पातं घडवलं, मागं चोच काढली, जाड पाइपाला जोडलं. कुऱ्हाड दिसायला कुरूप. भंगारातल्या सहा खोक्यांवर आणि एका लोखंडी कपाटावर चालवून बघितली. मुठीला सायकलची ट्यूब गुंडाळली आणि माझ्या बाकाखाली ठेवली. पथकातली पोरं कधी अडलं की साहेबांच्या नकळत तीच मागून न्यायची.