उजवीकडचं आतलं इंजिन

इंग्लंडमधल्या लिंकनशरच्या सपाट मुलखात आर्थर ओडलिंगच्या गॅरेजची थट्टा ठरलेली होती. गाडी तिथे टाकायची तर आधी मृत्युपत्र करा, परत मिळेल तेव्हा नातवंडं चालवतील! साधा पंख्याचा पट्टा बदलायचा असला तरी ओडलिंग सगळं इंजिन उघडून बसायचा. "झाली दुरुस्त" हे शब्द त्याच्या तोंडून कुणी ऐकले नाहीत. गिऱ्हाइकाला शेजारी बसवून वीस मैल गाडी पळवायची आणि विचारायचं, "आता तुम्हीच सांगा, आवाज येतोय का?" लोक हसायचे. त्याची बायको विनी मात्र हसत नसे. दुसऱ्या महायुद्धाची लढाई संपून सहा वर्षं झाली होती आणि तिचा नवरा अजून जेवताना घास हातात धरून कशाला तरी कान लावायचा. किटलीत त्याला एक इंजिन ऐकू यायचं, मळणीच्या यंत्रात यायचं, चर्चच्या बाजाच्या पेटीतसुद्धा.

लढाईत तो एका बॉम्बफेकी विमानाचा चीफ, म्हणजे मुख्य मेकॅनिक होता. विमान उडवणारे सातजण निराळे. जमिनीवर असेपर्यंत ते ओडलिंगचं आणि त्याच्या पाच माणसांचं. "विमान आमचं आहे, तुम्हाला उसनं देतोय. ओरखडा आणलात तर याद राखा," असं तो वैमानिक पोरांना दरडावायचा. उसनं देताना कागदावर आधी चीफची सही, मग नेणाऱ्याची.

रोलंड ट्रेगियर हा वैमानिक एकवीस वर्षांचा, कॉर्नवॉलचा. तीन आठवड्यांत दोनदा तो अर्ध्या वाटेवरून परतला. तक्रार एकच: उंचावर गेलं की चार इंजिनांपैकी उजवीकडचं आतलं इंजिन तापतं आणि थरथरतं. पहिल्या खेपेला ओडलिंगला काही सापडलं नाही. दुसऱ्या खेपेला त्यानं सकाळपासून दुपारपर्यंत ते इंजिन जमिनीवर चालवलं, कान देऊन ऐकलं. कुठे म्हणून खोट नव्हती.

आता कागदावर फक्त 'दोष आढळला नाही' एवढं लिहायचं. पण या तीन शब्दांचा अर्थ तळावर शेंबड्या पोरालाही ठाऊक होता. ट्रेगियरला भित्रा ठरवणार, छातीवरचा पंखांचा बिल्ला काढून घेणार आणि सगळ्यांदेखत हाकलून देणार. गेल्याच महिन्यात एकाला तसा नेताना ओडलिंगनं पाहिला होता. त्या पोरानं मान वर केली नव्हती.

"पोरगं टरकलंय, चीफ," त्याचा मेकॅनिक डाऊस म्हणाला. "मी असतो तर पहिल्याच दिवशी टरकलो असतो."

"तोंड मिट आणि नवा मॅग्नेटो घेऊन ये."

इंजिनाला ठिणगी देणारा तो मॅग्नेटो चांगला धडधाकट होता. ओडलिंगनं तो काढला, दुसरा बसवला आणि लिहिलं, 'मॅग्नेटो सदोष. बदलला.' दोष सापडला म्हटल्यावर पुढे कोण कशाला शोधतो? इंजिन उतरवून तपासायचं राहूनच गेलं.

ट्रेगियर धावत आला. "खरंच सापडलं, चीफ?"

"सापडलं, साहेब. तुमचे कान ठणठणीत आहेत."

पोराचे डोळे भरून आले. "मला वाटायला लागलं होतं, मीच वेडा झालोय," तो म्हणाला आणि त्यानं सही ठोकली.

त्या फेरीहून विमान परत आलं नाही. ओडलिंग दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत विमानाच्या रिकाम्या जागेवर उभा राहिला. तोफांनी पडलं की त्या इंजिनानं, एवढं एकच त्याला जाणून घ्यायचं होतं. तेव्हापासून हा प्रश्न त्याच्या मानगुटीवर बसून होता आणि विनीलाही त्यानं तो सांगितला नव्हता.

मग एका रविवारी भर जेवणाच्या वेळी दारात सिड हॅलम उभा राहिला. त्या विमानाच्या शेपटीतली बंदूक चालवणारा. सातांतला हा एकटा वाचला होता आणि जर्मनांच्या कैदेत राहून आला होता. विनीनं त्याचं ताट मांडलं. त्यानं अन्नाला हात लावला नाही.

"चीफ, एक विचारायचंय. त्या इंजिनात तुम्ही काय दुरुस्त केलं होतं?"

"का?"

"समुद्रावरच ते तापलं. आमचा इंजिनियर म्हणाला, परत फिरू. कप्तान ट्रेगियर म्हणाला, चीफनं दुरुस्त केलंय ना, मग तापमानाचा काटाच खोटं दाखवत असणार. पुढे गेलो. तासाभरानं पेट घेतला त्यानं. तोफ एकही उडाली नव्हती."

ओडलिंगनं काटा-सुरी खाली ठेवली. "काही दुरुस्त केलं नव्हतं. मला काही सापडलंच नव्हतं. त्याची अब्रू वाचावी म्हणून लिहिलं."

हॅलमनं ताट बाजूला सारलं. "म्हणजे तुम्हालाही तो भित्राच वाटला होता."

"हो," ओडलिंग म्हणाला.

खोटं लिहिलं म्हणून तो इतकी वर्षं स्वतःला खात होता. पोरगं खरं बोलत असेल, हे मात्र ते लिहिताना त्याच्या मनात एकदाही आलं नव्हतं. विनीला त्याच्याकडे बघवेना.

"त्याची आई आहे अजून," टोपी उचलत हॅलम म्हणाला. "तिला मी हे सांगणार नाही. तुम्ही सांगा."

ओडलिंग दोन दिवस गाड्या बदलत कॉर्नवॉलला पोचला. ट्रेगियरबाई ठेंगणी, पिठानं माखलेल्या हातांची. नाव ऐकताच तिनं त्याला ओढतच आत नेलं.

"चीफ ओडलिंग! अहो, शेवटच्या पत्रात तुमचंच तर लिहिलंय त्यानं. बसा, बसा." हात न धुताच तिनं फडताळातून पत्र काढलं आणि चष्म्याशिवाय वाचून दाखवलं. तिला ते पाठ होतं. "'आई, इथं सगळे माझ्याकडे संशयानं बघतात. एकट्या चीफनं माझ्यावर विश्वास ठेवला.'"

ओडलिंग बसला नव्हता.

"बाई," तो म्हणाला, "मीही नव्हता ठेवला."