लॉबीचं दार आणि दत्ताकाका

मी दार उघडलं नाही.

वर्षभर हे कुणालाच सांगितलं नव्हतं. काल काकूंना, म्हणजे दत्ताकाकांच्या पत्नीला, सांगितलं, म्हणून आज इथे लिहितेय.

दत्ताकाका आमच्या मोशीच्या सोसायटीत बी विंगला राहायचे. मूळचे उदगीरकडचे. चाकणच्या एका कंपनीत टूलरूमला आयुष्य काढलं, रिटायर झाले आणि मग घरभर छंद पसरले.

हॉलमध्ये उघडे पडलेले रेडिओ, बाल्कनीत गुलाबाची कलमं, बेडखाली हार्मोनियम. देहूजवळ मित्राच्या शेतात मधाच्या पेट्या. तो मध त्यांनी कधी विकला नाही. कुणी खोकताना दिसलं की संध्याकाळी त्याच्या दारात बाटली.

माझ्या सासूबाईंच्या ऑपरेशनला रक्त हवं होतं. मी ग्रुपवर मेसेज टाकला, तर रिप्लाय द्यायच्या ऐवजी काका थेट हॉस्पिटलात येऊन बसले होते.

गेल्या वर्षी सोसायटीला रंग द्यायचं काम निघालं. ए विंगच्या सातव्या मजल्याखाली आग्या मोहोळ होतं, चांगलं परातीएवढं. काकांनी कमिटीला सांगितलं होतं की थोडे दिवस थांबा, मी जाणकार माणूस आणतो, तोवर तिकडे रंगाऱ्यांचा दोरावरचा झुला लावू नका.

थांबलं नाही कुणी.

दुपारचे साडेचार. मी वर्क फ्रॉम होम, कॉलवर. माझी मुलगी ओवी खाली खेळायला गेलेली. सहा वर्षांची आहे ती.

आधी आवाज आला. ट्रान्सफॉर्मर गुणगुणतो तसा.

मग मुलांच्या किंकाळ्या.

मग त्या किंकाळ्या एकदम बंद झाल्या.

चार मजले मी कशी उतरले, मला आठवत नाही. वॉचमनने लॉबीचं काचेचं दार लावून घेतलं होतं. दोन बायका फटीत ओढण्या कोंबत होत्या. बाहेर हवा दिसतच नव्हती, नुसते काळे ठिपके.

घसरगुंडीखाली तीन मुलं एकमेकांना चिकटून बसली होती. त्यात ओवी.

माझी मुलगी तीस पावलांवर होती आणि माझे पाय हलत नव्हते. हे खोटं वाटेल, पण खरंच हलत नव्हते.

तेवढ्यात पार्किंगमधून काका आले. स्कूटरचं कव्हर डोक्यावरून घेतलेलं. पळत नव्हते. चालत होते, अगदी हळू. घसरगुंडीपाशी वाकले, तिघांना कव्हरखाली घेतलं आणि तसेच हळूहळू दाराकडे निघाले. कव्हर मुलांपुरतंच होतं. काकांचं डोकं उघडं पडलं होतं.

"लेकरं आत घ्या आन् लगेच लावा दार," एवढंच म्हणाले.

वॉचमनने दार उघडलं, मुलं आत ढकलली गेली, मी दार लावलं. कडी मीच घातली. ओवीच्या कानामागे दोन काटे होते. बाकी ती ठीक होती.

काकाही आत येतील असं मला वाटलं होतं. पण रंगारी ओरडत होता. पहिल्या मजल्याच्या उंचीवर तो झुल्याच्या दोरात अडकला होता.

काकांनी वळून एकदा काचेतून आत पाहिलं. मुलांच्या पायाशी पडलेल्या कव्हरकडे. मग माझ्याकडे.

दार वीतभर उघडून ते कव्हर बाहेर फेकता आलं असतं. मला ते कळत होतं. माझा हात कडीवरच होता.

मी कडी आणखी घट्ट धरली.

काकांनी काही खूण केली नाही. शिडी घेतली आणि गेले. त्यांनी रंगाऱ्याला सोडवून खाली आणलं, त्याला पाण्याच्या टाकीच्या खोलीत कोंडलं आणि मग अंगावरच्या माश्या आत जाऊ नयेत म्हणून स्वतः त्या खोलीच्या दाराबाहेरच बसले. फायर ब्रिगेड येईपर्यंत त्यांचा शर्ट कुठल्या रंगाचा होता ते ओळखता येत नव्हतं.

रंगारी वाचला. काकांच्या किडन्या निकामी झाल्या. तिसऱ्या दिवशी गेले.

सगळे म्हणाले, ओवीची आई धीराची, वेळेवर दार लावलं. मी मान हलवत राहिले. वर्षभर मला काकूंची भीती वाटायची. लिफ्टमध्ये त्या असल्या तर मी जिन्याने जायचे.

काल काकूंकडे गेले. कव्हरचं सांगितलं, सगळं सांगितलं.

काकू म्हणाल्या, "मला म्हाईत होतं. दवाखान्यात बोलले होते ते. म्हणले, ओवीची आई लई भ्याली होती, तिला एकदा भेटून ये."

पण काकू कधी आल्या नव्हत्या.

"माझ्याच्यानं झालं न्हाई," काकू म्हणाल्या. "मला तुझा राग आला होता. आजूनबी येतो. पर आलीस ते बरं केलंस."

त्यांनी चहा टाकला. आम्ही दोघी प्यायलो.

माफी मागायला माणूस उरला नाही, काका. अजूनही कुठे गुणगुण ऐकू आली की माझा हात आपोआप कडी शोधतो. पण आता काकूंना बघून मी जिन्याने पळणार नाही, एवढं नक्की.

आज वर्ष झालं.

दत्ताकाका, तुम्हाला मनापासून नमस्कार.